फुटवॉल, काळीज आणि विसरलेली भाकरी

यंदा मराठी विभागासाठी मी लेख लिहितेय हे कळल्यावर माझ्या रूममेटने पहिला प्रश्न विचारला, "आणि शुद्धलेखन कोण तपासणार?" प्रश्न रास्त आहे. माझं पहिली ते दहावीचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. वर्गात मराठी बोललं की डायरीत रिमार्क यायचा. घरी मराठीच बोलायचो, पण ती 'भाजी वाढ, टीव्ही बंद कर' एवढ्यापुरती. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मोठ्या मनाने पोटात घाला. (हे पोट नक्की कुठे असतं, तोच या लेखाचा विषय आहे!)

आता दुसरी कबुली. आपल्यातले बरेच जण मशीनच्या आवडीने इंजिनिअर होतात. मी बायोलॉजीला घाबरून झाले. दहावीपर्यंत बायोलॉजी म्हणजे माझ्यासाठी फक्त डायग्रॅम. एचबी पेन्सिल, उजव्या बाजूला एकाखाली एक लेबल, खाली अधोरेखित टायटल. नीट काढलं की तीन मार्क. हृदयाची आकृती मी डोळे मिटून काढू शकायचे, पण ते हृदय माझ्या स्वतःच्या छातीत आहे असं कधी वाटलंच नाही. अकरावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलं, बायोलॉजीला कायमचा रामराम केला आणि सुटले... असं वाटलं होतं.

जानेवारी २०२५ मध्ये आमचं एनएसएसचं सात दिवसांचं विशेष शिबिर होतं. मी तेव्हा सेकंड इयरला होते. मराठवाड्यातलं एक छोटं गाव, आठवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा, शाळेच्याच दोन खोल्यांत आमचा मुक्काम. पहिल्या सकाळी कामांची वाटणी झाली. मुलांकडे शोषखड्डे, काही मुलींकडे गावाचा सर्व्हे. माझ्या हातातली कुदळ कशी चालते ते बघून आमचे सर दोन मिनिटं गप्प उभे राहिले आणि मग म्हणाले, "तू असं कर, शाळेत जा. सातवीला मानवी शरीर शिकव. रोज दोन तास."

"सर, पण माझं बायो..."

"सातवीचं आहे गं. तू डिस्टिंक्शनवाली ना?"

झालं! डिस्टिंक्शनवाली गेली सातवीच्या वर्गावर.

पहिला दिवस, गुरुवार. वर्गात एकतीस मुलं-मुली. भिंतीवर शरीराचा एक जुना तक्ता. मी छडी घेऊन तक्त्यासमोर उभी राहिले आणि लक्षात आलं की मला एकही शब्द मराठीत येत नाही! लंग्जला काय म्हणतात? पॅनक्रियाज? डायफ्रॅम? रात्रीच रूममेटला फोन करून यादी घेतली होती. (ती लातूरची, मराठी माध्यमाची. शिबिराला आली नव्हती.) फुफ्फुस, जठर, यकृत, स्वादुपिंड, धमनी, नीला, श्वासपटल. यादी तळहातावर लिहिली होती, ती घामाने पुसली गेली. 'फुफ्फुस' म्हणताना माझी जीभ तीनदा अडखळली आणि मागच्या बाकावर खसखस पिकली. तरी मी रेटलं. चाळीस मिनिटं बोलले. शेवटी विचारलं, "समजलं का?" एकतीस तोंडांतून एका सुरात उत्तर आलं, "होऽऽ मॅडम!"

मित्रहो, हा 'होऽऽ' आपल्या ओळखीचा आहे. शेवटच्या लेक्चरला आपण सरांना देतो तोच. म्हणून मी एका मुलाला उभं केलं आणि म्हटलं, "जठर कुठे असतं, तुझ्या स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखव." त्याने बेंबीवर हात ठेवला. सगळ्या वर्गाने बेंबीवर हात ठेवला. त्या वेळी मनातल्या मनात मीही तिथेच ठेवला होता! तक्ता बघितला तर जठर चांगलं वर, डावीकडे, बरगड्यांच्या आडोशाला. म्हणजे आकृतीचे तीन मार्क मिळवणारी मी आणि तक्ता कधी न बघितलेली ती पोरं, दोघांचं ज्ञान एकाच पातळीवर!

त्या रात्री शेकोटीपाशी सरांना सगळं सांगितलं. सर हसले आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांमधून एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला होता. तो २००२ पर्यंत चालला. त्यात मुलं आधी स्वतः प्रयोग करायची, मग निष्कर्ष काढायची. कानपूर आयआयटीचे अरविंद गुप्ता टेल्कोतल्या नोकरीतून रजा घेऊन १९७८ साली तिथे गेले. तिथल्या बाजारात मिळणारी सायकलची वॉलट्यूब आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्यांनी भूमितीचे आकार बनवले. पुढे ते पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात खेळणी करत राहिले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. "तूही इंजिनिअर होणार आहेस ना?" सर म्हणाले, "मग तक्ता खाली ठेव आणि काहीतरी बनव."

दुसऱ्या दिवशी ३ जानेवारी, सावित्रीबाई फुले जयंती. सकाळी भाषणं झाली आणि मग आम्ही जुने वर्तमानपत्राचे कागद खळीने चिकटवून माणसाच्या उंचीचे चार मोठे ताव केले. प्रत्येक गटातल्या एकाने तावावर आडवं झोपायचं, बाकीच्यांनी खडूने त्याची बाह्यरेषा काढायची आणि मग आत काय काय आहे ते पुस्तक न बघता भरायचं. काय गोंधळ झाला म्हणून सांगू! एका गटाचं हृदय पत्त्यातल्या बदामासारखं. एका गटात फुफ्फुसंच नाहीत. एकाने आतडं काढलं ते सरळ, नळाच्या पाइपसारखं. आणि एका गटात चक्क भांडण लागलं.

भांडण काळजावरून होतं. एका मुलीने छातीत हृदय काढून खाली लिहिलं होतं, 'काळीज'. शेजारचा मुलगा म्हणत होता, "काळीज तिथं नसतंय. काळीज उजवीकडं, खाली." मी अगदी आत्मविश्वासाने निवाडा दिला की तिचं बरोबर आहे. काळीज म्हणजे हार्ट. 'काळजाचा ठोका चुकला' म्हणतात ना!

तो मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमच्यात बोकड कापत्यात. काळीज म्हंजी लिवर. ठोके पडतंय ते येगळं असतंय."

वर्गात शांतता. मी पुस्तक उघडलं. यकृत, उजवीकडे, बरगड्यांखाली. पोराचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं! बोलीत आपण हृदयाला काळीज म्हणतो आणि खाटकाकडे मागताना काळीज म्हणजे यकृत. मी फळ्यावर दोन्ही अर्थ लिहिले आणि त्याला म्हटलं, "आजपासून तू माझा असिस्टंट." त्या दिवशी जाताना मुलं मला 'मॅडम' ऐवजी 'ताई' म्हणाली.

मग लांबी. तुमच्या छोट्या आतड्याची लांबी किती असेल, असं विचारलं. कोणी एक हात म्हणालं, कोणी दोन. आम्ही सुतळी मोजली. लहान आतडं साधारण सहा मीटर, मोठं दीड मीटर. सुतळी व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. "एवढं सगळं पोटात? कसं बसवलंय?" तेव्हा आतड्याची वेटोळी का असतात हे मला शिकवावं लागलं नाही. मुलांनीच सुतळी गुंडाळून दाखवली.

शाळा सुटताना मी सांगितलं, "उद्या प्रत्येकाने भाकरीचा एक तुकडा आणायचा. पचनाचा प्रयोग करायचा आहे."

शनिवारी सकाळची शाळा. सगळ्यांनी रुमालात, कागदात, खिशात ज्वारीची भाकरी आणली होती. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने आणली नव्हती. बारीक चणीची, दोन वेण्या, आदल्या दिवशी सुतळी मोजताना सगळ्यात पुढे असलेली.

"तुझी भाकरी कुठे?"

"इसरले ताई."

मी आधीच वैतागलेली होते. टिंक्चर आयोडीन आणायला कोणाला तरी तालुक्याला पाठवलं होतं, ते मिळालं नव्हतं. मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "विसरलीस? एक तुकडा आणायला विसरलीस? जेवायला विसरतेस का कधी?"

वर्ग हसला नाही. तेव्हा मला ते लक्षात यायला हवं होतं. कॉन्व्हेंटमध्ये होमवर्क विसरलं की आमची सिस्टर अगदी याच सुरात बोलायची. तो सूर माझ्यात इतका मुरलाय हे मला माहीतच नव्हतं. ती मुलगी खाली बघत बसून राहिली. मी प्रयोग पुढच्या दिवसांवर ढकलला आणि विषय बदलला.

त्या दिवशीचा विषय होता श्वास. प्लास्टिकची बाटली बुडाशी कापली, झाकणाला भोक पाडून पेनाची रिकामी नळी घातली, नळीच्या आतल्या टोकाला एक फुगा, आणि बाटलीच्या बुडाला दुसरा फुगा कापून ताणून बसवला. खालचा फुगा म्हणजे श्वासपटल. तो खाली ओढला की बाटलीतली जागा वाढते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत शिरून आतला फुगा फुगतो. छाती फुगते म्हणून हवा आत जाते, हवा गेल्यामुळे छाती फुगते असं नाही. थिअरी एकदम पक्की. फुगा मात्र ढिम्म हलेना!

एकवीस वेळा ओढून झाल्यावर मागून एक मुलगा आला. त्याच्या वडिलांचं फाट्यावर पंक्चरचं दुकान. "ताई, हवा सुटतीय. पाण्यात बुडवा की." त्याने बादली आणली, झाकणाची बाजू पाण्यात धरून नळीत फुंकर मारली. नळीच्या बाजूने बुडबुडे! पळत जाऊन त्याने दुकानातून सोल्युशन आणि ट्यूबचा तुकडा आणला. दहा मिनिटांत फुफ्फुस तयार. आपण ज्याला लीक टेस्ट म्हणतो आणि जर्नलमध्ये दोन पानं लिहितो, ती त्या पोराने बादलीत केली.

मग हृदयाकडे वळले. म्हटलं, हृदय हा पंप आहे. त्यात झडपा असतात. रक्त एकदा पुढे गेलं की झडप मिटते, रक्त मागे येत नाही.

"म्हंजी हिरीतल्या फुटबॉलवानी?" एकीने विचारलं.

"विहिरीत फुटबॉल?" मी गार. वर्ग खदखदून हसला. ताईला फुटबॉल माहीत नाही! सुट्टीत सगळी वरात मला शेजारच्या विहिरीवर घेऊन गेली. काठावर एक जुना, गंजलेला फुटवॉल पडला होता. पाइपाच्या खालच्या टोकाला जाळी आणि आत वर उघडणारी झडप. ती मुलगी मला समजावत होती, "ह्यो लीक झाला की पायपातलं पाणी हिरीत पडतंय. मग मोटर नुसतीच फिरतीय, पाणी उचलत न्हाई. मग वरून पाणी भरावं लागतंय." मंडळी, हे म्हणजे प्रायमिंग! आपण परीक्षेत चार मार्कांना लिहितो ते. मी सेंट्रीफ्युगल पंपाची आकृती फूट व्हॉल्व्हसकट काढून पास झाले होते आणि फूट व्हॉल्व्ह आयुष्यात पहिल्यांदा त्या विहिरीवर हातात घेतला.

रविवार. शाळेला सुट्टी, पण गावात मटण रविवारीच मिळतं. माझ्या असिस्टंटने वडिलांना सांगून बोकडाचं एक हृदय आणलं, वरच्या नळ्या जरा लांब ठेवून कापलेलं. मी आधीच सांगितलं होतं, ज्यांना बघायचं नसेल त्यांनी बघू नका, कोणी काही म्हणणार नाही. माळकऱ्यांच्या घरची दोन मुलं बाहेर खिडकीशी उभी राहिली. थोड्या वेळाने खिडकीतून माना आत आल्या, पण हात लावला नाही, ते ठीकच.

कापायचं काम अर्थातच असिस्टंटने केलं. माझे हात थरथरत होते, त्याचे नाही. डावीकडची भिंत जाड, उजवीकडची पातळ. का? कारण उजवीकडून रक्त फक्त शेजारच्या फुफ्फुसात जायचं असतं, डावीकडून साऱ्या अंगभर. मग महाधमनीच्या नळीत वरून हळूच पाणी ओतलं. तीन बारीक पाकळ्या मिटल्या आणि पाणी तिथेच थांबलं. "फुटवॉल!" तीन-चार जण एकदम ओरडले. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीने, जिला मी आदल्या दिवशी बोलले होते, खालून बोट घालून पाकळ्या उघडून बघितल्या आणि हळूच म्हणाली, "लई मऊ हाय." मग साबणाने सगळ्यांनी दोन-दोनदा हात धुतले.

आणि आता सोमवार. हा भाग लिहायचा की नाही, यावर मी बराच विचार केला.

त्या दिवशी नाडी मोजायची होती. मनगटावर जिथे नाडी लागते तिथे चिखलाची छोटी गोळी ठेवायची आणि तिच्यात काड्यापेटीची काडी उभी खोचायची. हात स्थिर ठेवला की काडी नाडीबरोबर हलते. एकतीस काड्या डुलताना बघून पोरं वेडी झाली. मग जाड कागदाची सुरळी करून एकमेकांच्या छातीला लावली. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरला एका बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला म्हणून त्याने कागदाची अशीच सुरळी केली, आणि त्यातून स्टेथोस्कोप आला, ही गोष्ट सांगितली. सगळं कसं छान चाललं होतं.

मग मी म्हटलं, आता मैदानाला चार फेऱ्या मारा, पळत, आणि परत नाडी मोजा. साडेदहा वाजले होते. सगळे धावले. आकडे येऊ लागले, १२८, १३६, १४४... मी फळ्यावर लिहितेय, तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा. ती पहिल्या बाकावरची मुलगी मैदानात खाली बसली होती. चेहरा पांढरा, कपाळावर घाम, हात गार. "डोळ्यांम्होरं अंधारी आली," एवढंच म्हणाली.

मी काय केलं? काही नाही. नुसती उभी राहिले. हृदयाच्या झडपा शिकवणारी मी, एका जिवंत मुलीसमोर पुतळा झाले. शाळेच्या बाई धावत आल्या. तिला सावलीत आडवं केलं, पाय दप्तरावर उंच ठेवले. ती जरा सावरून उठून बसल्यावर पाणी दिलं, गूळ-शेंगदाणे दिले. मग विचारलं, "सकाळी काय खाल्लंस गं?"

"च्या."

"आणखी?"

"च्याच."

दहा मिनिटांत ती ठीक झाली, हसलीसुद्धा. बाई मला बाजूला घेऊन गेल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "तिचे आई-वडील दिवाळीनंतर कोयत्यावर गेलेत, ऊसतोडीला. घरी आजी आणि ही. सकाळी पाणी भरायचं, चहा प्यायचा, शाळेत यायचं. पोटभर असं दुपारची खिचडीच. आणि काल रविवार होता. शाळा बंद, खिचडी बंद."

मी काहीच बोलले नाही. मला शनिवार आठवत होता. 'जेवायला विसरतेस का कधी?'

बाईंनी आणखीही सांगितलं. सहावी ते आठवीच्या मुलांना शाळेच्या जेवणातून रोज ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा सरकारी नियम आहे. ते त्यांच्यासाठी दुपारचं जेवण म्हणून ठरवलेलं, पण काहींसाठी तेच मुख्य जेवण असतं. मुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, पण उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून कित्येक जणी गुपचूप टाकून देतात. "तुमचे प्रयोग फार छान आहेत," बाई म्हणाल्या, "फक्त प्रयोग आधी की खिचडी आधी, एवढं बघत जा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्या वर्गाला शरीर हे यंत्र म्हणून शिकवत होते. पंप, झडप, नळी, दाब. यंत्र म्हणून ते बरोबरच होतं. पण कुठलंही इंजिन टेस्टला लावताना आपण आधी काय बघतो? टाकीत फ्युएल आहे का! लॅबमध्ये पहिली सूचना तीच असते. एकतीस जिवंत इंजिनं मी टाकी न बघता पळवली.

मंगळवारी सकाळी तिला व्हरांड्यात गाठलं. 'सॉरी' म्हणणं सोपं होतं, ते आपण दिवसात वीस वेळा म्हणतो. मराठीत कसं म्हणायचं तेच कळेना. शेवटी म्हणाले, "शनिवारी मी तुला भाकरीवरून बोलले ना, ते चुकलं माझं."

ती गोंधळली. "आसू द्या की ताई. मला वाटलं, तुम्हाला म्हाईत आसंल. वर्गात समद्यांना म्हाईत हाय."

वर्ग का हसला नव्हता, ते मला तेव्हा समजलं.

त्या दिवशी प्रयोग खिचडीनंतर ठेवले. आयोडीन आलं होतं. शाळेच्या स्वयंपाकी मावशींनी भाताची पेज दिली. बाटलीच्या दोन झाकणांत ती थोडी थोडी घेतली. एकात थोडी लाळ मिसळली, दुसऱ्यात नुसतं पाणी. वीस मिनिटं थांबून दोन्हींत आयोडीनचा थेंब. पाण्याची पेज निळी-काळी झाली, लाळेची तशी झाली नाही. म्हणजे लाळेने पिष्ठाची साखर करायला सुरुवात केली होती! मग सगळ्यांनी भाताचा घास सावकाश चावत ठेवला, गोड लागेपर्यंत. ती मुलगी डोळे मिटून चावत होती. "लागतंय गोड," म्हणाली. मी तिच्या शेजारी बसून तोच भात चावत होते. मला गिळवत नव्हता, ते वेगळं.

फळ्यावर गणितही केलं. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलीलीटर रक्त पुढे ढकलतं. मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे सुमारे ५ लीटर. दिवसाचे ७२०० लीटर. गावातल्या मुलांना लीटर कळत नाही असं कोण म्हणतं? टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढणाऱ्या पोरांनी लगेच हिशेब केला, दोनशे लीटरचे ३६ ड्रम! पण अंगात रक्त तर पाच लीटरच्या आसपास. मग ३६ ड्रम आले कुठून? एक मिनिट विचार करून असिस्टंट म्हणाला, "त्येच त्येच फिरत आसंल." १६२८ साली विल्यम हार्वीने साधारण असाच हिशेब मांडून रक्त फिरतं हे जगाला सांगितलं होतं. आमच्या सातवीने ते मंगळवारी दुपारी सांगितलं, खिचडी खाऊन!

शेवटच्या दिवशी, बुधवारी, मैदानावर रांगोळीने भलंमोठं हृदय काढलं. चार कप्पे, एका बाजूला फुफ्फुसं, दुसऱ्या बाजूला शरीर. निम्मी मुलं रक्त झाली. हातात निळा कागद घेऊन उजवीकडून आत शिरायचं, फुफ्फुसात जाऊन निळा देऊन लाल घ्यायचा, डावीकडून बाहेर पडून शरीरात लाल देऊन परत निळा. प्रत्येक दारावर झडप म्हणून दोन-दोन मुलं हात धरून उभी. पुढे जाणाऱ्याला सोडायचं, मागे फिरणाऱ्याला अडवायचं. वरच्या कप्प्यांच्या झडपा मिटल्या की 'लब', बाहेरच्या मिटल्या की 'डब'. सगळं मैदान लब-डब करत होतं. ती मुलगी महाधमनीची झडप होती. तिने एकालाही मागे जाऊ दिलं नाही, आमच्या सरांनासुद्धा!

गावातली मंडळी बघायला जमली होती. तिची आजीही आली होती, काठी टेकत. खेळ संपल्यावर नात तिला रांगोळीतून हात धरून फिरवत होती, हे इथं येतंय, हे तिथं जातंय. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून विचारलं, "माझ्यात बी ह्येच हाय व्हय?"

"समद्यांत ह्येच, आज्जे."

पुढे थर्ड इयरच्या ओरलला एक्स्टर्नलनी मला फूट व्हॉल्व्हचं कार्य विचारलं. मी विहिरीपासून सुरुवात केली. सर म्हणाले, "बुकमधलं सांगा." तेही सांगितलं.

तेव्हापासून मेसमध्ये ताटात भात टाकून उठायला जमत नाही. मेसची भाजी अजूनही तशीच आहे, तिच्याबद्दलची माझी तक्रारही तशीच आहे, याची मेस कमिटीने नोंद घ्यावी! आता आम्ही होस्टेलच्या पाच जणी दर शनिवारी कॉलेजजवळच्या नगरपालिकेच्या शाळेत जातो. पिशवीत बाटल्या, फुगे, सुतळी, काड्यापेटी, सोल्युशनची ट्यूब असते. आणि पाच जणींत वर्गणी काढून घेतलेले गूळ-शेंगदाणे असतात. आधी ते वाटतो, मग वर्ग सुरू. ज्यांना यायचं असेल त्यांनी शनिवारी सकाळी सातला लेडीज होस्टेलच्या गेटपाशी यावं. बायोलॉजी आलंच पाहिजे असं नाही. शेंगदाणे आणलेत तर उत्तम.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी